525 पटीची दुर्बीण घेऊ का?

वाचकाचं पत्र:

"सर, मी जुळे सोलापुरात राहते, वय 44. घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवून देते. माहेर मंगळवेढ्याकडं. लहानपणी ज्वारीच्या खळ्यावर राखणीला झोपायचो तेव्हा वडील मृगाचा बाण दाखवायचे, तेव्हापासून आकाशाची ओढ आहे. आता पंधरा हजार रुपये बाजूला ठेवलेत, दुर्बीण घ्यायची म्हणून. ऑनलाइन एक बघितली. भिंग 70 मिमी, नाभीय अंतर 700 मिमी, 20 आणि 4 मिमीचे दोन आयपीस, 3 पटीचा बार्लो, ट्रायपॉड आणि सूर्य बघायचा फिल्टर फुकट. वर ‘525 पट मोठं दिसेल’ असं लिहिलंय. घरचे म्हणतात, या वयात कशाला, चार दिवसांत माळ्यावर जाईल. आमच्या गल्लीत एलईडी दिवे आहेत. गच्चीवरून काही दिसेल का, की गावाबाहेर जावं लागेल? खोक्यावर छापलंय तसं रंगीत दिसतं का? आणि कुणाची वापरलेली मिळाली तर घ्यावी का?"

ताई,

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ही दुर्बीण घेतलीत तर ती माळ्यावर जाण्याची शक्यता बरीच आहे, आणि मग बोल तुमच्या हौसेला लागेल. खरा दोष त्या 525 च्या आकड्याचा असेल. म्हणून आधी तो आकडा सोडवू, मग पैशांचं बोलू.

दुर्बिणीची पट काढायची रीत साधी आहे. नाभीय अंतर म्हणजे भिंगापासून प्रकाश जिथं एकवटतो तिथवरचं अंतर, आणि आयपीस म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग. पुढच्या मोठ्या भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागायचं. 700 भागिले 20 म्हणजे 35 पट. 700 भागिले 4 म्हणजे 175 पट. त्यात 3 पटीचा बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जादा भिंग, घातला की 525. हिशेब चोख आहे. पण बारकावा किती दिसणार हे ठरतं पुढच्या भिंगाच्या व्यासावर, आणि त्यासाठी आकाश बघणारे लोक एक ठोकताळा वापरतात: व्यासाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त 2 पट. म्हणजे 70 मिमीला 140, तेही हवा अगदी शांत असेल त्या रात्री. त्यापुढे प्रतिमा नुसती फुगते. तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि गुरूच्या जागी एक अंधूक, लवलवता डाग उरतो.

शिवाय पृथ्वी फिरतेय. तिच्या फिरण्यामुळं आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. 525 पटीला साध्या आयपीसमधून दिसणारा आकाशाचा तुकडा चंद्राच्या रुंदीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढाच असतो. गुरू एका कडेनं आत आला की अठरा-वीस सेकंदांत दुसऱ्या कडेनं बाहेर. त्याला परत धरायला तुम्ही नळीला हात लावणार, आणि अशा सेटबरोबर येणारा हलका ट्रायपॉड हात लागताच डुलायला लागतो. डुलणं थांबेस्तोवर गुरू गेलेला असतो. असं दोन-तीन रात्री झालं की माणूस म्हणतो, आपल्याला जमत नाही. जमत सगळं असतं, हातातलं यंत्र साथ देत नाही.

त्या दुर्बिणीची बाजूही सांगतो. तिचं भिंग वाईटच असेल असं नाही. 20 मिमीचा आयपीस लावून 35 पटीवर थांबलात तर चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी हे सगळं तिच्यात दिसू शकतं. गॅलिलिओनं 1610 साली गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण 20 पटीच्या दुर्बिणीतून. बार्लो आणि 4 मिमीचा आयपीस खोक्यातच राहिले तरी काही बिघडत नाही.

फुकटच्या सूर्य-फिल्टरबद्दल मात्र एकच सांगणं आहे: तो कुणाच्या हाती लागणार नाही असा नष्ट करा. आयपीसला बसवायची ती काळी काच असते. पुढच्या भिंगानं गोळा केलेलं सगळं ऊन नेमकं तिच्यावर एकवटतं, काच तापते आणि अचानक तडकू शकते. डोळा तिथंच असतो. डोळ्यातल्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळं इजा होत असताना पत्ताही लागत नाही. सूर्याचा फिल्टर नेहमी नळीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसणारा आणि त्याच कामासाठी बनवलेला हवा. फाइंडरचं, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीचं, तोंडही झाकलेलं हवं. 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडं संध्याकाळी खंडग्रास दिसेल. तेव्हा घरातली मुलं नक्की दुर्बीण मागतील. ती काच घरात नसलेलीच बरी.

आता पंधरा हजारांचं. माझा सल्ला असा की त्यातल्या निम्म्याहून कमी पैशांत एक चांगली 10×50 द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या आणि उरलेले तसेच राहू द्या. 10 म्हणजे पट, 50 म्हणजे प्रत्येक पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. अंधारात पूर्ण उघडलेली तरुण डोळ्याची बाहुली साधारण 7 मिमीची असते. 50 मिमीचं भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं. 50 ला 10 नं भागलं की 5 येतात, म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत 5 मिमी रुंदीचा. चाळिशीनंतर बाहुली पहिल्याइतकी उघडत नाही, पण एवढा झोत सहसा तिच्यात मावतो. तुमच्या वयाला हे माप बसतं. 7×50 घेतलीत तर त्यातला बराच प्रकाश बाहुलीबाहेर सांडेल.

घेताना दुकानात हातात धरून बघा. ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून उजेडाकडं रोखली की आयपीसमध्ये दोन उजळ चकत्या दिसतात. त्या पुऱ्या गोल हव्यात. कडा कापलेल्या, चौकोनी वाटल्या तर आतले प्रिझम हलक्या प्रतीचे आहेत. लांबची पाटी बघा. एकाच्या दोन पाट्या दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला तर ठेवून द्या. तांबड्या चमकणाऱ्या भिंगांची आणि झूमवाली नकोच.

द्विनेत्री हातात थरथरते. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेका, नाहीतर बाजेवर उताणं पडून बघा. एवढ्यानं गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात, रोज जागा बदललेले. कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा-सातच दिसतात, तिथं डझनावारी तारे उमटतात. पुष्य नक्षत्रातला धुरकट ठिपका मोत्यांसारखा फुटतो. आणि वडिलांनी दाखवलेल्या मृगाच्या बाणाखाली तलवारीच्या जागी बघा: मधला तारा तारा राहत नाही, त्याच्याभोवती धुक्याचा पुंजका दिसतो. नवे तारे जन्माला येताहेत ती ही जागा, आपल्यापासून साधारण 1,300 प्रकाशवर्षं लांब. हे जुळे सोलापूरच्या गच्चीवरूनही दिसतं.

तुमची जागा तर चांगलीच आहे. शहराचा बहुतेक उजेड तुमच्या उत्तरेला पडतो, दक्षिणेची बाजू त्यामानानं काळी. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. उत्तरेला ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही खाली. पण जे उत्तरेला गेलं ते दक्षिणेला आपल्या पदरात पडतं. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला व्याधाच्या बरंच खाली अगस्ती बघा, क्षितिजापासून जवळपास वीस अंश वर. मेच्या मध्यावर साडेनऊ-दहाला थेट दक्षिणेत त्रिशंकू उभा असतो, त्याच्या डावीकडं नरतुरंगाचे दोन ठळक तारे. त्यानंतर तासाभरानं त्याच बाजूला, क्षितिजापासून पंचवीस अंशांवर द्विनेत्री रोखलीत तर ओमेगा सेंटॉरी सापडतो, एक गोल, मऊ, मोठा पुंजका. त्यात जवळजवळ एक कोटी तारे आहेत आणि तो 17,000 प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या आकाशगंगेतला हा सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ. लंडनमध्ये कितीही महागडी दुर्बीण लावली तरी तो दिसत नाही, तिथं तो उगवतच नाही. आपल्याकडं लोक उन्हाळ्याला नुसतं सोसतात, पण दक्षिणेच्या आकाशाचा आपला हंगाम तोच.

एक अडचण आहे ती सांगतो. एप्रिल-मेमध्ये धुळीनं क्षितिज मळकट होतं आणि हे सगळं तर खालीच असतं. त्यामुळं वळीव पडून गेलेली पहिली मोकळी रात्र सोडू नका. पावसानं धूळ बसते, ढग पांगले की दक्षिण अशी स्वच्छ निघते की ओळखू येत नाही. एरवी आपण पर्जन्यछायेत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी कितीतरी रात्री कोरड्या आणि निरभ्र मिळतात. ज्या कोरडेपणानं शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बेजार आहे, तो आकाश बघणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

कुठली रात्र धरायची हे तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आधीच छापलेलं आहे. चंद्र बघायचा तर शुद्ध पंचमी ते दशमी. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि विवरांच्या कडा, डोंगर उठून दिसतात. पौर्णिमेला सूर्य समोरून पडतो, सावली नाही, चंद्र सपाट दिसतो आणि बाकीचं आकाश धुऊन टाकतो. पुंजके आणि तेजोमेघ, म्हणजे मृगातल्या त्या धुक्यासारखे ढग, बघायचे तर वद्य पक्ष. चंद्र दर दिवशी सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तिथून पुढं मोजत गेलात की कुठल्या तिथीला किती वाजेपर्यंत अंधार मिळेल हे कुठल्याही ॲपशिवाय कळतं. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी तुमच्या. छापलेली वेळ मुंबईची असली तर सोलापूरला चंद्र आणि तारे साधारण 12 मिनिटं आधी उगवतात, आपण तेवढे पूर्वेला आहोत. दिवाळीची अमावास्या मोहात पाडते, पण त्या रात्री फटाक्यांचा धूर असतो. त्याआधीचे चार दिवस बरे.

आकाशाच्या नकाशाला फोनवर स्टेलॅरियम हे ॲप पुरेल, पण पडद्याचा उजेड लाल करून घ्या.

आता गल्लीतले एलईडी दिवे. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतानं ते सगळं जातं. तुम्ही शिवणकाम करता, म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा सोपं पडेल: जाड काळ्या सुती कापडाची एक कनात शिवा, वाळत घालायच्या दोरीवर अडकवता येईल अशी, आणि दिव्याच्या बाजूला टांगा. त्याच कापडाचं डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारं टोपरं शिवा, द्विनेत्रीसकट आत डोकं घालायला. समोरच्या घराचा दिवा दिसेनासा झाला की गच्चीवरचं आकाश दुप्पट वाटतं. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद दोन पदरी गुंडाळा. लाल उजेडानं सरावलेली नजर फारशी बिघडत नाही.

गच्चीची एक खोड लक्षात ठेवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या हवेनं ग्रह लवलवतात. द्विनेत्रीला त्यानं फरक पडत नाही. पुढं मोठी दुर्बीण आली की ग्रह दहा-अकरानंतर बघा, किंवा मातीच्या अंगणातून.

बाहेर जावं लागेल का, तर लागेल, पण वर्षातून दोन-तीनदा जमलं तरी खूप. आणि तुम्हाला ठिकाण शोधायचंही नाही, माहेरचं शेत आहे. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला घरचे जातातच, तो बेत अमावास्येच्या जवळच्या शनिवारी धरा. आगटीवर हुरडा भाजून झाला, विस्तव विझला की दिवे मालवा. मृग डोक्याकडं चढत असतो, पश्चिमेकडं कललेल्या देवयानीत एक लांबट धुरकट ठिगळ नुसत्या डोळ्यांना दिसतं. ती दुसरी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, 25 लाख प्रकाशवर्षांवरची. एकट्यानं रस्त्याकडेला गाडी लावून बघायला मात्र जाऊ नका, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं तर रात्री मुळीच नाही. ती त्या पाखरांची जागा आहे. शेतातही पायात बूट आणि हातात टॉर्च असू द्या, विंचूकाट्याची जमीन आहे.

रंगाचं उत्तर एका शब्दात: नाही. खोक्यावरचे फोटो मोठ्या दुर्बिणींनी, पुष्कळ वेळ प्रकाश साठवून काढलेले असतात. आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी अंधूक उजेडात काम करत नाहीत, त्यामुळं तेजोमेघ आणि दीर्घिका राखाडीच दिसतात. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. रंग ताऱ्यांत शोधा: रोहिणी नारिंगी, मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा. द्विनेत्री किंचित धूसर केलीत तर ते जास्त कळतात. आणि पुसट गोष्टीकडं थेट न बघता जरा बाजूला बघा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा बाजूच्या पेशी अंधारात तरबेज असतात.

एक हंगाम असा काढलात की उरलेल्या पैशांत भर घालून 6 इंची डॉब घ्या, म्हणजे 150 मिमी आरशाची नळी आणि खाली लाकडी फिरती बैठक. 70 मिमीपेक्षा तिच्यात साडेचारपट प्रकाश येतो, आणि बैठक जमिनीवर ठाण मांडून असल्यानं थरथर जवळजवळ नसते. ही रचना ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते जॉन डॉबसन 1915 साली बीजिंगमध्ये जन्मले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात 1967 पर्यंत साधू होते. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेपासून ते आरसे घासत. नळी पुठ्ठ्याची, बैठक प्लायवूडची. मठाबाहेर पडल्यावर शहराच्या फुटपाथवर दुर्बीण लावून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखवत राहिले. मला हा माणूस फार मोठा वाटतो. महाग यंत्राचा बाऊ मोडून त्यांनी आकाश रस्त्यावर आणलं.

पुढं कधी तुम्हाला स्वतः आरसा घासावासा वाटला तर दचकू नका. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी, घासायला एवढंच सामान. वेळ मात्र भरपूर. पृष्ठभाग हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे 550 नॅनोमीटरच्या, आठव्या हिश्श्याइतका बिनचूक आणावा लागतो, आणि त्याची परीक्षा ब्लेडचं पातं आणि एक बारीक दिवा यांवर घरी घेता येते. लेओं फूको यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेली ही रीत अजून चालते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत, आणि 1944 साली सुरू झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी निरीक्षकांची देशातली सगळ्यात जुनी संस्थाही तिथंच आहे. सोलापुरात केगावच्या विज्ञान केंद्रात जाऊन आकाशदर्शनाची चौकशी करा. दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा बघून मग स्वतःची घेणं केव्हाही शहाणपणाचं.

"या वयात कशाला" असं पुन्हा कुणी म्हणालं तर विल्यम हर्शेलबद्दल सांगा. धंद्यानं संगीतकार. 13 मार्च 1781 ला बाथ गावातल्या घराच्या बागेतून, स्वतः घासलेल्या सव्वासहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्यांनी युरेनस शोधला तेव्हा ते 42 वर्षांचे होते. त्यांची बहीण कॅरोलाइन गाणं सोडून भावाच्या मदतीला लागली आणि 1786 साली, छत्तिसाव्या वर्षी तिनं आपला पहिला धूमकेतू शोधला. तुम्हाला शोध लावायचाच आहे असं नाही. तुम्हाला बघायचंय, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

वापरलेली दुर्बीण खुशाल घ्या, आरशाची तर जरूर. आत टॉर्च मारून बघा: आरशावरच्या धुळीनं काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा चकती-चकतीनं उडालेला मुलामा दिसला तर पैसे कमी करायला सांगा किंवा सोडून द्या. नळीच्या मागचे तीन स्क्रू फिरतात का, फोकसची चकती अडकते का, हे तपासा. लांबचा दिवा किंवा तारा बघून तो आधी कमी पटीला ठिपक्यासारखा होतो याची खात्री करा. आरसा कापडानं पुसू नका, रबरी फुंकणीनं धूळ उडवा. पावसाळ्यात द्विनेत्री आणि आयपीस स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, दर महिन्याला पुड्या बदला. आणि 114 मिमी व्यास, 1000 मिमी नाभीय अंतर, पण नळी हातभरच, अशी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. आखूड नळीत लांब नाभीय अंतर बसवायला फोकसरमध्ये एक जादा भिंग घातलेलं असतं, आणि त्यामुळं आरसे सरळ रेषेत आणणं नवख्याला फार जड जातं.